पडद्याआड घेतलेलं माप

अजीजचाचा माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघायचे. आधी पाय, मग पायात काय घातलंय ते, मग त्यांना राग यायचा, आणि तो राग बोलून झाला की मान वर करून विचारायचे, काय काम काढलं? जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानांमागे जी अरुंद गल्ली आहे तिथे त्यांचं दुकान होतं. दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढीच जागा. भिंतीवर खिळ्यांना लाकडी कालबूत टांगलेले. ज्या लाकडी पायावर बूट बेततात त्याला कालबूत म्हणतात, आणि चाचांकडे प्रत्येक कायमच्या गिऱ्हाइकाच्या नावाची एक जोडी असायची. फक्त त्यावर नाव नसायचं. खडूची एक खूण असायची आणि ती चाचांशिवाय कुणाला वाचता यायची नाही.

त्यांचा राग ही जालन्यात माहीत असलेली गोष्ट होती. तयार बूट घालणाऱ्यांवर राग. पाय न बघता नंबर सांगणाऱ्यांवर राग. "आठ नंबर द्या" असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे, "आठ नंबरचा पाय मी आजवर पाह्यला न्हाई. तुमचा दाखवा." नवं गिऱ्हाईक हे ऐकून निघून जायचं. जुनं गिऱ्हाईक मुकाट्यानं चप्पल काढायचं.

मी जुनं गिऱ्हाईक. आठ वर्षांची होते तेव्हापासूनचं. पोलिओनं माझा उजवा पाय अडीच इंच आखूड ठेवला. चाचांकडे यायच्या आधी इस्पितळानं दिलेला एक बूट होता, लोखंडी दांड्यांचा, काळा, इतका जड की तो काढल्यावर पाय आपोआप वर उचलला जायचा. मग कुणीतरी वडिलांना अजीजचाचांचं नाव सांगितलं आणि वडीगोद्रीहून एसटीनं ते मला घेऊन आले. वडील बिचारे दुकानाच्या दारात उभे राहून हळू आवाजात म्हणाले, जरा असा करा की दिसणार नाही.

"काय दिसणार न्हाई?" चाचा म्हणाले. "पोरगी?"

चाचांनी मला आत ओढलं, वडिलांना बाहेर ठेवलं आणि गोणपाटाचा पडदा सोडला. हा पडदा म्हणजे चाचांचा कायदा. माप घेताना तो पडायचाच. आत फक्त चाचा आणि ज्याचा पाय तो माणूस. आई नाही, बाप नाही, नवरा नाही. आत अंधारच असायचा, वर एक पिवळा दिवा. त्यांनी कागद टाकला, माझा पाय त्यावर ठेवला आणि पेन्सिल फिरवली. मग दुसरा पाय. माझ्या पायाला तोवर डॉक्टरांनी, नर्सनी, मामीनी, देवऋष्यानी हात लावला होता. पण डाव्या पायाला जसा हात लावतात तसाच उजव्याला लावणारा हा पहिला माणूस.

"पाय आखूड न्हाई तुझा," ते म्हणाले. "जमीन तेवढी खाली गेलीय. आपण वर आणू. रंग कोनता?"

मला रंग कुणी विचारला नव्हता. मी लाल म्हणाले. बाहेर वडील खोकले. बूट लालच झाला, बुचाचे थर देऊन उजवी टाच अडीच इंच उंच केलेला, आणि तो घालून मी शाळेत गेले तेव्हा जे व्हायचं ते झालंच. पोरं हसली. पण बूट लाल होता हे त्यांनाही मान्य करावं लागलं.

त्या पडद्याची आणखी एक गोष्ट सांगते. एकदा बियाण्यांचा एक मोठा व्यापारी आला, गाडी गल्लीत शिरेना म्हणून आधीच वैतागलेला. पायाला काही झालेलं नव्हतं, फक्त चांगला बूट हवा होता. चाचांनी पडदा सोडायला हात वर केला तर तो म्हणाला, माझ्या पायाला काय धाड भरलीय, पडदा कशाला? मी बाहेर बाकावर बसले होते. चाचा म्हणाले, "तुमच्यासाठी न्हाईच साहेब. तुम्ही उघड्यावर माप दिलं, तर उद्या ज्याच्यावर पडदा पडंल त्याच्याबद्दल गल्लीला कळंल का न्हाई?" व्यापाऱ्याला हे पटलं नाही. चाचांनी त्याचं माप घेतलं नाही. एवढं मोठं गिऱ्हाईक घालवलं म्हणून घरी चाचीनं आठवडाभर डोकं खाल्लं असं नंतर त्यांनीच मला सांगितलं, तेही रागानंच.

मी पुढे नवीन जालन्यात बँकेत लागले. काउंटरवर बसते. काउंटरमागे पाय दिसत नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्या नोकरीत मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच. लोकांनी माझ्या पायाकडे बघितलं की मला आजही चीड येते. बघून न बघितल्यासारखं केलं की जास्त येते. शेहेचाळीस वर्षांची झाले, पण त्यात काही फरक पडलेला नाही. आणि म्हणूनच पुढे जे केलं ते लिहिताना माझाच मला संताप येतो.

दोनएक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या बुटाचा तळ बुचासकट सुटला होता. चाचांनी तो उचकटून हातात घेतला होता, मी एका पायात चप्पल घालून बाहेरच्या बाकावर बसले होते. शेजारी चहाची टपरी. तेवढ्यात एक जण मोटारसायकल लावून आला. तिशीच्या अलीकडचा, इस्त्रीचा शर्ट, मान खाली. मी त्याला ओळखलं. आमच्याच वडीगोद्रीचा प्रशांत, किसनरावांचा धाकटा. किसनरावांचं हायवेला ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे, आणि गावात बांधाची भांडणं लोक त्यांच्यापुढे आणून सोडवतात. हा पोरगा इथे बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगवर सुपरवायझर होता. त्यानं मला ओळखलं नाही, कारण तो कुणाकडे बघतच नव्हता.

उंच टाचेचा बूट पाहिजे, असं तो चाचांना म्हणाला. चार इंच टाच.

चाचांच्या दृष्टीनं यात विचारण्यासारखं एकच होतं. चाळीस वर्षं त्यांच्याकडे उंच टाच मागायला एक पाय आखूड असलेलेच यायचे. पोलिओचे, विहिरीवर पडलेले, हाड चुकीचं बसलेले.

"कोन्या पायाला?" ते म्हणाले.

प्रशांतनं मान आणखी खाली घातली. चाचांना वाटलं लाजतोय. त्यांनी त्याला आत घेतलं, पडदा सोडला. मग आतून चाचांचा आवाज वाढला.

"दोन्ही पाय बराबर हायेत तुझे. दोनदा मापले. मला येड्यात काढू राह्यला का?"

प्रशांत हळू काहीतरी बोलला. आम्हाला त्यातलं एवढंच ऐकू आलं की दोन्ही पायांना टाच पाहिजे, स्वतःलाच घालायचीय, जपानी कार्टूनमध्ये एक माणूस घालतो तशी.

चहावाला माझ्याकडे बघून डोळे मिचकावून हसला. आणि मी हसले. नुसतं ओठातल्या ओठात नाही, चांगलं खळखळून हसले, पाठ भिंतीला टेकून. बाईच्या टाचा पुरुषाला, तेही वडीगोद्रीच्या किसनरावांच्या पोराला. मला अजून ते हसणं ऐकू येतं. फार मोकळं हसणं होतं ते. आपल्याऐवजी दुसऱ्या कुणाच्या तरी पायावर गल्ली हसतेय, याचा आनंद होता त्यात. उगाच दुसरं काही नाव देत नाही त्याला.

पडदा सरकला. चाचा दारात आले. चहावाल्याकडे त्यांनी बघितलंही नाही. माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदा सरळ तोंडाकडे बघितलं.

"तू हसलीस?"

त्यांनी माझा बूट आतून आणला, तळ लोंबतोय तसाच, आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"जा," ते म्हणाले. "जल्दी जा."

मी गेले. त्या गल्लीतून, कापडाच्या सगळ्या दुकानांसमोरून, एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात फटक फटक वाजणारा तळ घेऊन, पावलागणिक अडीच इंच खाली जात रिक्षापर्यंत गेले. त्या दिवशी मला चाचांचा इतका राग आला की रिक्षात रडले. म्हाताऱ्याला अक्कल नाही, पस्तीस-छत्तीस वर्षांचं नातं आहे, कुण्या कुठल्या पोरासाठी मला हाकलतो, असं घरी येऊन आईला सांगितलं. आईनं विचारलं, पण हसलीस का? मी आईवरही चिडले.

पंधरा दिवस तो बूट सुतळीनं बांधून बँकेत गेले. शेवटी एका संध्याकाळी चाचांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी हात पुढे केला. बूट घेतला, सुतळी तोडून फेकली, तळ बसवायला लागले. मी म्हणाले, चुकले चाचा. ते टाके घालत म्हणाले, "मला कशाला सांगतीस? माझा पाय होता का तो?"

म्हणून मी प्रशांतला सांगितलं. तो रविवारी फिटिंगला यायचा, तेव्हा गाठलं. म्हटलं, त्या दिवशी मी हसले, मला माफ कर. तो गडबडला. म्हणाला, ताई, मला सवय आहे, मी मनावर घेत नाही. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिशीच्या माणसानं लोकांच्या हसण्याची सवय करून घेतलेली होती, आणि ती त्याला लावणाऱ्यांत आता मीही होते.

त्या रविवारी मी पहिल्यांदा ती चित्रं बघितली. प्रशांतच्या मोबाइलमध्ये चाळीस-पन्नास होती. ॲनिमेतले, म्हणजे त्या जपानी कार्टूनमधले पुरुष, सगळे उंच टाचांचे. कुणी तलवार घेतलेला, कुणी जादूगार, कुणी लांब कोटातला, कुणी नुसताच देखणा. प्रशांतला ज्याच्यासारखं व्हायचं होतं तो एका फौजेचा सेनापती होता, गुडघ्यापर्यंत काळे बूट आणि खाली चिंचेच्या बोटुकासारखी बारीक टाच. संभाजीनगरला वेशभूषेची स्पर्धा होती, कोट त्यानं स्वतः शिवला होता, रात्रपाळी सांभाळून. फक्त बूट बाजारात त्याच्या मापाचे मिळत नव्हते. बायकांचे बूट अरुंद, पुरुषांच्या बुटांना टाच नाही.

चाचांनी चष्मा लावला आणि एकेक चित्र तपासायला घेतलं. तपासणं कसलं, ती पेशीच होती. हा कोन काढला? टाच पायाच्या बाहेर काढलीय, उभा राह्यला तर मागं पडंल. हा बघा, छपरावरून पळून राह्यला, ह्या टाचेत. ह्याचा घोटा कुठंय? काढणाऱ्याला दोन दिवस हे घालून मोंढ्यात पोती उचलायला लावा, मंग काढ म्हणावं चित्र. त्या जपानी चित्रकारांवर ते अर्धा तास संतापले. प्रशांत आधी बिचकला, मग हसायला लागला. एका चित्रापाशी मात्र चाचा थांबले. म्हणाले, ह्यानं पाय पाह्यलाय कधीतरी. ते चित्र सेनापतीचं होतं.

मग त्यांनी ते पुन्हा मोठं करून बघितलं. सेनापती उभा, मागे शे-दीडशे शिपाई.

"ह्याच्यावर कुनी हसून न्हाई राह्यलं," चाचा म्हणाले.

नाही, प्रशांत म्हणाला. त्या गोष्टीत टाचेचा विषयच कुणी काढत नाही. सगळे त्याला भितात, त्याच्यासाठी जीव देतात. टाच आहे तर आहे. तो जिन्यावरून खाली येतो ना, त्याच्या चालण्याचा आवाज आधी येतो, तो आवाज ऐकला की मला स्वतःला ताठ उभं राहावंसं वाटतं. एक दिवस तसं चालून बघायचंय, बाकी काही नाही चाचा.

चाचांनी मोबाइल परत दिला. "चांगलं गाव हाय ते," एवढंच म्हणाले आणि कामाला लागले.

तो बूट करताना चाचा जसे रागावले तसे मी त्यांना कधी पाहिले नव्हते, पण तो राग कामाचा होता. बुचाच्या थरांची रुंद टाच म्हणजे त्यांच्या हातचा मळ होता. बोटाएवढ्या जाड टाचेवर पंचाहत्तर किलोचा माणूस उभा करणं वेगळं. पहिली लाकडी टाच बसताक्षणी चिरली. दुसरी चालताना वाकली. मग त्यांच्या डोक्यात आलं की आपण जालन्यात राहतो आणि इथे सळईला तोटा नाही. एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात त्यांचा भाचा होता. त्याच्याकडून बांधकामाच्या सळईचे दोन तुकडे आणवले, टाचेच्या पोटात बसवले, आणि पायाच्या कमानीखाली पोलादी पट्टी दिली. "ह्याच्यावर आता स्लॅब टाका," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे कौतुक होतं.

बूट झाले आणि प्रशांत चालायला शिकू लागला. पडद्याआड, दोन पावलं इकडे, दोन तिकडे. चाचा खाली बसून ओरडायचे, टाच आधी टेकू नको, गुडघा लपवू नको. मी बाहेर बाकावर बसायचे. आणि एका रविवारी त्या चहावाल्यानं पडद्याखालच्या फटीत मोबाइल धरला. मी गिऱ्हाइकाला वाट द्यायला उठले होते, तेवढ्यात. काळे उंच बूट, वर दुमडलेली पँट, केसाळ पोटऱ्या, आणि मागून चाचांचा आवाज, चल बेटा, सरळ चल. एवढीच चित्रफीत. शेवटी त्यानं बाहेर उभी असलेली प्रशांतची मोटारसायकलही दाखवली, नंबरासकट. दोन दिवसांत ती जालन्यात फिरली, तिसऱ्या दिवशी वडीगोद्रीला पोचली. माझ्या बँकेतल्या एका बाईनं मला ती दाखवली आणि माझ्या हसण्याची वाट बघत उभी राहिली. मी तिच्याकडे असं बघितलं की ती त्यानंतर माझ्याशी नीट बोललेली नाही. बरं झालं.

दुसऱ्या शनिवारी, स्पर्धेला आठ दिवस राहिलेले असताना, प्रशांतचा मोठा भाऊ दत्ता दुकानाशी आला. बरोबर दोन जण. बँकेला सुट्टी म्हणून मी तिथेच होते. दत्तानं बूट मागितले. चाचा म्हणाले, ज्याचं माप त्याला मिळतील. दत्ता म्हणाला, म्हातारपणी हे धंदे करता, घरच्या इज्जतीची वाट लावली, आमच्या घरात पायात असलं घालणारं कुणी झालं नाही. हे शेवटचं वाक्य तो तीनदा म्हणाला. आमच्या घरात असलं कुणी झालं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी. मी त्याच गावची. आणि माझ्यासारख्यांना एक आवाज कधीच चुकत नाही. सिमेंटच्या फरशीवर एक पाऊल भरीव वाजतं आणि एक पोकळ, कारण आत बूच असतं. किसनरावांचं डावं पाऊल पोकळ वाजायचं. लांब धोतर, मंद चाल, गावाला वाटायचं मोठा माणूस आहे, सावकाश चालतो. मी लहानपणी एका लग्नाच्या मांडवात तो आवाज ऐकला होता आणि तेव्हाच समजले होते की हा माणूस चाचांकडे जातो. तीन इंचांची टाच असावी. पोरांनाही माहीत नव्हतं, निदान दत्ताला तर नक्कीच नाही. आणि दत्ता ज्या भिंतीला टेकून उभा राहून हे बोलत होता, त्याच भिंतीवर त्याच्या बापाचा कालबूत टांगलेला असणार.

मी तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. चाचांनी माझ्याकडे न बघता हात वर केला.

"चूप," ते म्हणाले. "माप पडद्याआड घेतलेलं हाय."

दत्ताला वाटलं ते प्रशांतबद्दल बोलताहेत. त्यानं चाचांना बाजूला केलं, बूट उचलले, आणि चाचांचीच रापी, कातडं कापायची ती रुंद पात्याची सुरी, घेऊन दोन्ही बूट वरपासून खालपर्यंत उभे फाडले. चाचांनी अडवलं नाही. गल्ली बघत होती. चहावालाही बघत होता, आता मोबाइल खिशात ठेवून. जाताना दत्तानं बूट गटारात फेकले.

मी चाचांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, का नाही सांगितलंत? एक शब्द बोलला असतात तर त्याची जीभ टाळ्याला चिकटली असती. तुम्हाला बूट वाचवता येत होता. चाचा गटारात हात घालून बूट काढत होते. 

"बूट वाचला असता," ते म्हणाले. "बाप कुठं तोंड दाखवणार व्हता? त्यानं इस्वासानं पाय दिलाय माझ्या हातात."

मग त्यांनी फाडलेल्या चामड्यातून दोन्ही टाचा उचकटून घेतल्या, नळाखाली धुतल्या, आणि आतली सळई बोटानं वाजवून बघितली. कालबूत साबूत होते. सळई साबूत होती. आठ दिवस होते. त्यांनी पडदा सोडला आणि त्या आठ दिवसांत दुसऱ्या कुणाचं काम घेतलं नाही. मी बँक सुटली की बाकावर येऊन बसायचे आणि येणाऱ्याला परत पाठवायचे. चहावाल्यानं एकदा चहा आणून दिला, तो मी त्याच्या देखत ओतून टाकला. मला त्याबद्दल आजही काही वाटत नाही.

प्रशांतला मी फोन केला. तो म्हणाला, राहू द्या ताई, मी नाही जाणार, घरात भावानं सगळ्यांसमोर सांगितलं, त्या जुन्या जालन्यातल्या अजीज मोच्याचे बूट फाडून आलो म्हणून. मी विचारलं, सगळ्यांसमोर म्हणजे? वडीलही होते? हो, तो म्हणाला. वडील ते ऐकून ताटावरून उठून गेले.

मी चाचांना ते सांगितलं. चाचांनी मान हलवली आणि टाका ओढला.

स्पर्धेच्या रविवारी सकाळी बूट तयार होते. प्रशांत येईल की नाही माहीत नव्हतं. गल्लीतली दुकानं अर्धी उघडी, लोक तोंडात मिश्री लावून ओट्यांवर बसलेले, आणि त्या चित्रफितीमुळे सगळ्यांचे डोळे चाचांच्या दुकानाकडे. मला आवाज आधी आला. एक पाऊल भरीव, एक पोकळ. किसनराव येत होते, धोतराचा सोगा हातात धरून. मागे प्रशांत, मान खालीच.

चाचा बघत राहिले. त्यांनी नेहमीप्रमाणे पडद्याच्या दोरीला हात घातला. किसनराव दुकानाच्या पायरीवर बसले, धोतर वर सरकवलं आणि डावा पाय, तीन इंचांच्या टाचेसकट, गल्लीकडे तोंड करून समोर ठेवला.

"राहू द्या अजीजभाई," ते म्हणाले. "आज पडदा नको. टाच झिजलीय माझी, एवढी बसवून द्या. अन् पोराचे बूट द्या, त्याला गाडी गाठायचीय."

ओट्यांवरची माणसं त्या पायाकडे बघत होती. पंचवीस-तीस वर्षं ज्या माणसानं लोकांची भांडणं सोडवली त्याचा तो पाय. कुणी हसलं नाही. चाचांनी पडदा गुंडाळला, वर चामड्याच्या वादीनं बांधला, आणि मग हातात टाके घालायची आरी घेऊन गल्लीतल्या एकेका तोंडाकडे सावकाश बघितलं. आधी तोंडाकडे. चहावाल्याकडे, कापडवाल्याकडे, माझ्याकडेही. मी नजर खाली घातली नाही, पण घालावीशी वाटली.

प्रशांतनं दारातच बूट चढवले. गल्लीतून निघाला तेव्हा पहिली दोन पावलं त्याची मान खाली होती. तिसऱ्याला नव्हती. त्याला तिथे बक्षीस मिळालं की नाही हे मी मुद्दामच सांगत नाही, कारण लोक लगेच तेच विचारतात आणि मला त्याचा राग येतो. दत्ता त्यानंतर भावाशी बोलतो की नाही, तेही मला माहीत नाही.

चाचा त्या पावसाळ्यानंतर परभणीला लेकीकडे गेले आणि तिकडेच वारले. कालबूत त्यांनी जाण्याआधी ज्याचे त्याला पोचवले, माझा मला बँकेत आणून दिला, कागदात गुंडाळून, काउंटरवरून. पण माझ्या डोळ्यांसमोर ते त्या सकाळचेच येतात. प्रशांतच्या मागोमाग मीही संभाजीनगरची बस गाठायला निघाले होते, वळून बघितलं. पडदा वर बांधलेला, आत पहिल्यांदाच उजेड, किसनरावांचा उघडा पाय चाचांच्या मांडीवर, आणि चाचा त्या एवढ्या मोठ्या माणसाला अख्ख्या गल्लीसमोर झापत होते.

"टाच इतकी झिजू देतात का? दोन साल काय करून राह्यलते तुम्ही?"

आणि किसनराव मान खाली घालून ऐकून घेत होते.